आमची वाटचाल : मोजमापाच्या धंद्यात माणसं कशी जोडली गेली

आमची छोटी कॅलिब्रेशन लॅब आहे. कारखान्यात मोजायला जी साधनं लागतात ना, व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल, प्लग गेज, प्रेशर गेज, ती बरोबर दाखवतायत का हे आम्ही तपासतो आणि सर्टिफिकेट देतो. या धंद्यात एक अडचण पहिल्यापासून आहे, ती अशी की गिऱ्हाईकाला आमचं काम दिसतच नाही. मायक्रोमीटर येतो तसाच परत जातो, सोबत एक कागद जातो, आणि त्या कागदावरचे आकडे आम्ही खरंच मोजून लिहिलेत की टेबलावर बसून भरलेत हे त्याला कळायला मार्ग नाही. त्याला विश्वासच ठेवावा लागतो. त्यामुळे माणसं जोडणं, भरवसा कमावणं, आपल्या शब्दाला वजन येणं हे आमच्यासाठी सवडीनं विचार करायचे विषय कधीच नव्हते, सगळा धंदाच त्यावर उभा आहे. बरेच जण विचारतात की मॅडम तुमच्या एवढ्या ओळखी कशा झाल्या, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सुरुवातीला आम्ही दोघंच, मी आणि माझा पार्टनर. प्रदर्शनांना जायचं, कार्डं द्यायची, कार्डं घ्यायची, दुसऱ्या दिवशी मेल टाकायचा. त्यातून तोंडओळखी भरपूर झाल्या, काम थोडं आलं. तोंडओळखी वाया जात नाहीत, त्यावर पुढे येतेच. पण गाडी खरी पुढे सरकली ती फोनमुळे.

झालं काय, कुठलंही साधन टॉलरन्सच्या, म्हणजे चालू शकणाऱ्या फरकाच्या मर्यादेच्या, बाहेर सापडलं आणि रिपोर्टमध्ये आकडा लिहिला की लॅबचं काम कागदोपत्री संपतं. आम्ही ठरवलं की रिपोर्ट छापायच्या आधी फोन करायचा. कारण साधन आज चुकीचं दाखवतंय म्हणजे मागच्या तपासणीनंतर त्यानं जे जे मोजलं त्या सगळ्यावर शंका येते, आयएसओ ९००१ या दर्जा व्यवस्थापनाच्या मानकातही हेच सांगितलंय की अशा वेळी आधीच्या मोजमापांवर परिणाम झालाय का ते कंपनीनं बघायचं. एकदा एक ० ते २५ मिमीचा मायक्रोमीटर आला, स्लिप गेजवर, म्हणजे नेमक्या मापाच्या ठोकळ्यांवर, लावून बघितलं तर शेवटाकडे १२ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जास्त दाखवत होता. क्वालिटीच्या माणसाला फोन लावला आणि विचारलं की ह्यानं कुठले जॉब, म्हणजे कुठले भाग, मोजता, ड्रॉइंगवर टॉलरन्स किती आहे, माल गेला की अजून तुमच्याकडे आहे. तो आधी जरा तुटकच बोलत होता, मग एकदम गप्प झाला आणि म्हणाला, "थांबा, एक लॉट डिस्पॅचला लावलाय, तो आधी थांबवतो." मग त्यानं दुसरा मायक्रोमीटर घेऊन जॉब परत मोजले, आम्ही फोनवरच होतो, कुठले जॉब बाजूला काढायचे हे दोघांनी मिळून ठरवलं. त्या वेळेचं बिल लावलं नाही आणि लावायचं मनातही आलं नाही. फोन ठेवताना तो मला ताई म्हणाला, त्याआधी मॅडम म्हणायचा.

विश्वासावर मेयर, डेव्हिस आणि शूरमन या तिघांचं १९९५ सालचं एक संशोधन मॅनेजमेंट शिकणाऱ्यांना माहीत असेल. माणूस दुसऱ्यावर विश्वास ठेवताना तीन गोष्टी बघतो म्हणे. याला काम येतं का, याच्या मनात माझं भलं आहे का, आणि हा बोलतो तसा वागतो का. मला हे वाचल्यावर पटकन पटलं कारण धंद्यातले बहुतेक लोक सगळा जोर पहिलीवर लावतात. आमच्याकडे ही मशीन आहे, एवढा अनुभव आहे, अमुक मान्यता आहे. ते पाहिजेच, त्याशिवाय दारात कोण उभं करणार. पण समोरच्याच्या मनात दुसरा प्रश्न घोळत असतो आणि त्याचं उत्तर ब्रोशरमधून देता येत नाही, ते असल्या फोनमधूनच मिळतं, जेव्हा आपल्याला काही मिळणार नसतं तेव्हा आपण काय करतो त्यावरून.

तिसऱ्या गोष्टीची परीक्षा लवकरच आली. एका कंपनीत ऑडिट तोंडावर आलेलं, काही साधनांची ड्यू डेट उलटून गेलेली, त्यांच्या प्रॉडक्शन मॅनेजरनं मागची तारीख टाकून सर्टिफिकेट मागितलं. मी म्हटलं तारीख मोजलं त्या दिवसाचीच पडेल, पण आज रात्री थांबून सगळी साधनं करून देते आणि उशीर का झाला ते तुम्ही ऑडिटरला लेखी दाखवा, खरं कारण दिलं की मार्ग निघतो. त्यांना ते पटलं नाही, ते काम गेलं, परत कधी आलं नाही. वाईट वाटलं, मोठं गिऱ्हाईक होतं. पण त्या बोलण्याच्या वेळी तिथली एक ज्युनिअर क्वालिटी इंजिनिअर खोलीत होती, तिच्याशी माझं त्याआधी दोन शब्दही धड झालेले नव्हते. पुढे तिनं नोकरी बदलली, नवीन ठिकाणी लॅब निवडायचा विषय निघाला आणि तिनं आमचं नाव सांगितलं. तिथून आणखी दोन कंपन्या आल्या.

इथेच ती तोंडओळखीची गोष्ट येते. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये हे मांडलं होतं. ओळखीतून नवी नोकरी मिळालेल्या लोकांना त्यानं विचारलं की ज्याच्याकडून कळलं त्याला त्या काळात किती वेळा भेटायचात, तर वारंवार भेटणारे जेमतेम १७ टक्के निघाले, बाकी सगळे अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे. कारण सोपं आहे, जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते आपल्यालाही आधीच माहीत असतं, नवी बातमी दुसऱ्या गोतावळ्यातूनच येते. लिंक्डइनच्या २ कोटींहून जास्त लोकांवरचा अभ्यास २०२२ मध्ये छापून आला त्यात याला एक बारीक दुरुस्ती निघाली, अगदी पुसट ओळखीपेक्षा मध्यम पातळ ओळख नोकरी बदलायला जास्त कामाला येते. आमचा अनुभवही तोच. म्हणून आम्ही सणावारी सगळ्यांना एकच मेसेज पाठवत बसत नाही, कुणाच्या उपयोगाचं काही दिसलं की त्या एकालाच पाठवतो. कुणी जुनी सरफेस प्लेट (मोजताना आधाराला घेतात ती अगदी सपाट पाटी) विकतंय आणि आपल्याला माहितेय की अमक्याला पाहिजे होती, लगेच दोघांना जोडून द्यायचं आणि बाजूला व्हायचं. वर्षातून असं एकदा झालं तरी ओळख जिवंत राहते.

आता ग्रुपबद्दल, कारण सगळ्यात जास्त जीव माझा त्यात आहे. लॅबमध्ये साधन आलं की आम्ही ते २० अंश सेल्सिअसच्या खोलीत कितीतरी तास ठेवून देतो, लांबीच्या मोजमापासाठी जगभर हेच तापमान धरतात. लोक वैतागायचे की साधं तर मोजायचंय, एवढा वेळ कशाला. मग आम्ही त्यांना आत बोलावून दाखवायला लागलो. १०० मिमीचा स्टीलचा तुकडा १० अंशांनी गरम असेल तर साधारण ११ ते १२ मायक्रॉन लांब होतो, आणि काही जॉबची पूर्ण टॉलरन्स तेवढीच असते. हातात घट्ट धरून ठेवलेला तुकडा आणि थंड झालेला तोच तुकडा, दोन रीडिंग शेजारी शेजारी बघितल्यावर माणसाचा चेहरा बदलतो. लोक म्हणाले आमच्या ऑपरेटरना पण हे दाखवा. तिथून महिन्यातून एकदा संध्याकाळी लॅबमध्ये जमायचं सुरू झालं, क्वालिटीवाले, टूलरूमवाले, नवीन पोरं, जो येईल तो. फी नाही, आणि आमच्या लॅबची जाहिरातही नाही, हे मी पहिल्याच भेटीत सांगितलं आणि पाळलं. भाषणं नकोत, प्रत्येकानं आपली अडलेली गोष्ट आणायची. एक जण थ्रेड प्लग गेज पटापट झिजतं म्हणून यायचा, त्याचं उत्तर मी नाही दिलं, कोपऱ्यात बसलेल्या एका जुन्या टूलरूमच्या काकांनी दिलं, जॉबच्या भोकात बुरे, म्हणजे धातूच्या कडेला राहिलेली कुसं, राहतायत ते आधी काढ म्हणाले. ते काका तोवर एक शब्द बोललेले नव्हते, पुढच्या वेळी लोक त्यांच्या शेजारची खुर्ची धरायला लागले.

मला त्यातून जे उमजलं ते असं की ग्रुप तयार करणाऱ्यानं प्रत्येक उत्तर स्वतः द्यायचं नाही. येत असलं तरी. दुसऱ्याला उत्तर देता यावं अशी जागा ठेवली की त्याला तो ग्रुप आपला वाटतो, आणि आपला वाटला की तो इतरांना घेऊन येतो. ऑपरेटरसाठी आम्ही सगळ्यांनी मिळून एका पानाची सूचना तयार केली, मायक्रोमीटरची तोंडं पुसून घ्या, रॅचेटनेच फिरवा, ठेवताना दोन तोंडांत थोडी फट ठेवा, अशी सात-आठ वाक्यं. त्यावर आमचा लोगो टाकायचा का असं पार्टनरनं विचारलं, मी नको म्हटलं, ते पान सगळ्यांचं होतं. आज ते पान मी पायही न ठेवलेल्या कारखान्यांच्या भिंतींवर आहे.

दुसऱ्या लॅबवाल्यांनाही बोलावलं तेव्हा मात्र आमच्यातच वाद झाला, गिऱ्हाईकं पळवतील म्हणून. पण आमच्या क्षेत्रात एक चांगली पद्धत आहे, इंटर लॅब कंपॅरिझन. एकच वस्तू वेगवेगळ्या लॅबमध्ये फिरते, प्रत्येकजण मोजतो, मग निकाल शेजारी ठेवून बघायचे. फरक दोघांच्या अनिश्चिततेत, म्हणजे मोजमापात धरलेल्या कमी-जास्तपणात, बसतोय का यासाठी ईएन नावाचा स्कोअर काढतात, १ च्या आत असला तर समाधानकारक. आयएसओ १७०२५ या लॅबसाठीच्या मानकाप्रमाणे लॅबनं आपला निकाल असा दुसऱ्यांच्या निकालाशी ताडून बघावाच लागतो. म्हणजे आमच्या धंद्याच्या पायातच हे आहे की एकट्यानं स्वतःला बरोबर म्हणून चालत नाही. त्यामुळे स्पर्धक लॅबशी बोलणं मला कधी परकं वाटलं नाही. आम्ही टॉर्क किंवा वजनं करत नाही, ती कामं आम्ही त्यांच्याकडे पाठवतो आणि नाव घेऊन सांगतो की हे ते चांगलं करतात. लांबीची कामं तिकडून आमच्याकडे येतात.

शब्दाला वजन आलं की त्याला भाव लावणारेही येतात, हे पण सांगायला पाहिजे. लोक साधनं घ्यायच्या आधी आम्हाला विचारायला लागले, कुठलं घेऊ, डिजिटल घेऊ का साधं, एवढ्या बारीक लीस्ट काउंटची (साधन दाखवतं त्या सगळ्यात लहान मापाची) गरज आहे का. मग साधनं विकणाऱ्या एकानं कमिशन देऊ केलं, नुसतं आमचं नाव सुचवा म्हणून. आम्ही नाही घेतलं आणि घेणारही नाही. लोक माझं ऐकतात ते माझा त्यात काही हिशोब नाही म्हणून, आणि एकदा हिशोब शिरला की मी प्रामाणिकपणे सांगितलेल्या गोष्टीकडेही ते त्याच नजरेनं बघणार. ते त्यांचं चुकणार नाही. त्यातल्या निम्म्या लोकांना मी सांगते की नवीन काही घेऊ नका, आहे तेच साफ करून नीट वापरा, तेवढं पुरतं.

शेवटचा आणि मला अजून पुरता न सुटलेला विषय म्हणजे हे सगळं माझ्या एकटीच्या नावावर जमा होत होतं. फोन मलाच, साइटवर "ताई तुम्हीच या". रॉबिन डनबार यांनी १९९२ पासून मांडलेलं आहे की माणसाला साधारण १५० जणांशीच खरं नातं सांभाळता येतं, आकड्यावर वाद आहेत पण कुठेतरी मर्यादा असणारच, वेळ आणि डोकं तेवढंच असतं. मला तर ती कधीचीच जाणवायला लागली होती, कुणाचा परतीचा फोन राहून जायचा, कुणाचा लॉट अडकलाय हे लक्षात राहायचं नाही. मग आम्ही टेक्निशियन मुलांना पुढे केलं. साइटवर जाताना मुलगा सोबत, प्रश्न मला विचारला तरी मी म्हणायचे की मोजलंय त्यानं, तोच सांगेल, आणि मग खरंच गप्प बसायचं, त्याला वेळ लागला तरी मध्ये तोंड घालायचं नाही. टॉलरन्सबाहेरचा फोन आता ज्यानं मोजलं तोच करतो, स्वतःचं नाव सांगून, आणि माल थांबवा असं सांगायचा अधिकारही त्यालाच, मला विचारायची गरज नाही. पहिले काही महिने लोक खात्री करायला परत मला फोन लावायचे, मी तेच उत्तर द्यायचे. आता त्यातल्या एका मुलाला तर कंपनीवाले परस्पर बोलावतात, कुठलं फिक्स्चर कसं मोजायचं ते विचारायला, आणि मला बिलावरून कळतं.

महिन्याची भेटही आता मी चालवत नाही, त्या ज्युनिअर क्वालिटी इंजिनिअर मुलीचा उल्लेख केला ना, ती आणि टूलरूमचे काका मिळून विषय ठरवतात. पुढच्या वेळी उंची मोजायचा हाइट गेज आणि सरफेस प्लेटची निगा असा विषय आहे, आपापले रिपोर्ट घेऊन यायला सांगितलंय, आमच्या लॅबचे असोत की दुसऱ्या कुणाचे.