इनिसफ्रीला चालत जाऊ नका

इनिसफ्री म्हणजे कवी डब्ल्यू. बी. येट्सच्या प्रसिद्ध कवितेतलं, आयर्लंडमधल्या तळ्यातलं बेट. जवळच्या स्लायगो शहरातून टॅक्सी करणार असाल तर आधीच पक्कं ठरवा: थेट पाण्याच्या कडेपर्यंत सोडायचं, थांबायचं आणि परत आणायचं. मी ठरवलं नाही. चालकाने ४० युरो घेतले आणि इनिसफ्रीची पाटी दिसली तिथे फाट्यावरच उतरवलं. म्हणाला, इथून जवळच आहे. त्या ‘जवळ’ला मला जवळजवळ तास लागला.

रस्ता एका गाडीपुरता. दोन्ही बाजूंना डोक्याइतकी काटेरी झुडपं, कडेला पाय ठेवायला जागा नाही. वळणापलीकडून गाडी आली की झुडपात घुसायचं. ट्रॅक्टर आला तेव्हा पाठ काट्यांत दाबून उभा राहिलो, चाक बुटापासून वीतभर अंतरावरून गेलं. वर आडवा पाऊस. रेनकोट आणि बूट तुमच्याकडे असतीलच. चालायचंच असेल तर भडक रंगाचं जाकीट घाला. पण चालू नका. परतीला हाच रस्ता अंधारात तुडवावा लागला आणि माझ्या मोबाईलला रेंज नव्हती.

टोकाला छोटा धक्का, समोर झाडोऱ्याने गच्च भरलेलं इवलंसं बेट. कवितेतल्या घेवड्याच्या नऊ ओळी आणि मातीची झोपडी तिथे कुठे मावणार? येट्स या बेटावर कधी राहिलाच नाही. तरुणपणी या तळ्याकाठच्या स्लिश वूडमध्ये खडकावर रात्र काढायला गेला आणि वनरक्षक येईल या भीतीने जागाच राहिला. कविता सुचली लंडनला, १८८८ मध्ये, फ्लीट स्ट्रीटवरच्या दुकानाच्या काचेमागचं कारंजं पाहून. हे मी वाचलं होतं, तरी आलो. धक्क्याच्या दगडांवर पाणी हलकेच आपटत होतं, तो आवाज मात्र कवितेतलाच. वीस मिनिटं भिजत ऐकत बसलो.

एकच दिवस हाताशी असेल तर इनिसफ्री सोडा, नॉकनारे डोंगर चढा. उंची ३२७ मीटर, माथ्यावर दंतकथेतल्या राणी मेव्हच्या नावाचा दगडांचा प्रचंड ढीग. येट्सच्या कवितांमध्ये ती राणी आणि हा डोंगर पुन्हा पुन्हा येतात. ढिगावर चढू नका. आतलं प्राचीन थडगं अजून खणलेलं नाही आणि दगड निसटतात. दुसरा डोंगर, बेन बुल्बेन, ५२६ मीटर आहे, पण वरचा भाग दलदलीचा आणि वाट खासगी शेतांतून जाते. पावसात त्याच्या नादी लागू नका, पायथ्याच्या जंगलातली फेरी करा.

ग्लेनकार धबधबा ठीक.

ड्रमक्लिफ मात्र चुकवू नका, तिथे येट्सची कबर आहे. येट्स जानेवारी १९३९ मध्ये फ्रान्समध्ये वारला आणि सप्टेंबर १९४८ मध्ये त्याला इथे आणलं, जिथे त्याचे पणजोबा धर्मगुरू होते. मी अमरावतीचा. आमच्या शेजारच्या बडनेऱ्यात जन्मलेल्या पुरोहित स्वामींबरोबर बसून या माणसाने मायोर्का बेटावर उपनिषदं इंग्रजीत आणली, ती १९३७ मध्ये छापली गेली. त्याआधी स्वामींच्या गुरूंच्या कैलासयात्रेच्या मराठी वृत्तांताचं इंग्रजी भाषांतर निघालं, त्यालाही प्रस्तावना येट्सचीच. त्याच ओढीने मी इथवर आलो होतो.

कबरीवर साधा चुनखडीचा दगड, मागे बेन बुल्बेनचा सपाट माथा. दगडावरच्या शेवटच्या ओळीत घोडेस्वाराला पुढे जायला सांगितलंय. मला तिथून हलवेना. स्लायगोची एक बस चुकली, दुसरी खूप वेळाने आली. वेळापत्रकाचा फोटो आधीच काढून ठेवा.