'लाइन्ड' म्हणजे कोणती लाइन?

पुण्यात बसून अमेरिकेतल्या हॉस्पिटलांचे चार्ट वाचायचे आणि डॉक्टरनं जे जे केलं त्याला बिलासाठी सीपीटी (काय केलं त्याचे) आणि आयसीडी (आजाराचे) कोड लावायचे, हे आमचं काम. परवा इमर्जन्सीचा एक चार्ट आला. डॉक्टरची नोट जेमतेम ओळभर: 'कोडेड एक्स टू, सीपीआर. बॅग्ड, ट्यूब्ड, लाइन्ड, शॉक्ड. आरओएससी.'

शेजारची नवी मुलगी म्हणाली, "मॅम, यात कोडेड लिहिलंय. म्हणजे कोणीतरी आधीच कोड केलाय का?"

यात तिची चूक नाही. ट्रेनिंगमध्ये शरीररचना घोकून घेतात, वॉर्डातलं इंग्रजी कोणी शिकवत नाही. हृदय बंद पडलं की 'कोड ब्लू' पुकारतात, त्या कोडचंच क्रियापद झालं. हा पेशंट दोनदा गेला आणि दोनदा परत आणला. सीपीआर म्हणजे छाती दाबून हृदय चालवायचा प्रयत्न, बॅग्ड म्हणजे हातानं दाबायच्या अँबू बॅगनं श्वास दिला, ट्यूब्ड म्हणजे श्वासनलिकेत नळी घातली, लाइन्ड म्हणजे रक्तवाहिनीत नळी घातली, शॉक्ड म्हणजे विजेचा झटका दिला. आरओएससी म्हणजे रक्ताभिसरण पुन्हा सुरू झालं.

सीपीआरला ९२९५०, नळीला ३१५००. शॉकला वेगळा कोड नाही. ९२९६० हा आधीपासून ठरवून दिलेल्या, तातडीच्या नसलेल्या शॉकचा, तो इथे लावणारे बरेच जण पाहिलेत. लाइनपाशी मात्र मी थांबले. सेंट्रल, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतली असेल तर ३६५५६, धमनीतली (आर्टेरियल) असेल तर ३६६२०. नामाचं असं क्रियापद झालं की कुठे, कशात, कोणत्या बाजूला हे सगळं गळून पडतं. समोर माणूस जात असताना चार शब्दांत लिहिणाऱ्या डॉक्टरला मी बोल लावणार नाही. पण आमच्याकडे लिहिलं नाही तर केलं नाही. शिवाय वेळेवर मोजल्या जाणाऱ्या क्रिटिकल केअरच्या ९९२९१ मधून या प्रोसिजरांची मिनिटं वजा करावी लागतात.

टीम लीड म्हणाले, "लाइन सोड, चार्ट क्लोज कर." त्यांना रोजचा आकडा हवा असतो. मी डॉक्टरला क्वेरी, म्हणजे लेखी प्रश्न, टाकलीच: सेंट्रल, आर्टेरियल, दोन्ही की अन्य? उत्तर तोंडात घालणारा प्रश्न नियमात बसत नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: मानेत उजवीकडे सेंट्रल. ३६५५६ लागला. पण इमर्जन्सीतल्याच फ्लोशीटवर (नर्सच्या नोंदींच्या तक्त्यावर) नर्सनं आर्ट लाइनचं, म्हणजे धमनीतल्या लाइनवरून घेतलेलं, बीपी नोंदवलंय. म्हणजे दुसरी लाइनही होती. ती कोणी घातली? नर्सच्या नोंदीवरून मला कोड लावता येत नाही. दुसरी क्वेरी लिहून ठेवली आहे. टीम लीड नको म्हणतायत. मी पाठवणार आहे.