क्वेकरांच्या मुलखात: ब्रिगफ्लॅट्सचा एक रविवार

इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्टला जाणारे बहुतेक जण सेडबर्ग गावाकडे वळत नाहीत. आम्ही मुद्दाम वळलो, कारण क्वेकर या ख्रिस्ती पंथाने मूळ धरलं ते १६५२ साली, याच डोंगराळ भागात. त्या वर्षीच्या १३ जूनला पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स जवळच्या फर्बँक फेल या डोंगरावर एका खडकापाशी तीन तास बोलला, आणि ऐकायला हजारभर माणसं होती असं सांगतात. आज तिथे खडक, त्यावर बसवलेली पाटी आणि अंगावर येणारा वारा, एवढंच आहे. वर जाणारा रस्ता अरुंद, समोरून गाडी आली तर मागे घ्यावी लागते.

खरं बघायचं ते सेडबर्गजवळच्या ब्रिगफ्लॅट्सचं १६७५ मधलं सभागृह, तेही रविवारी, उपासनेच्या वेळी. एरवी ती फक्त एक देखणी जुनी वास्तू. पांढऱ्या भिंती, जुनं लाकूड. वेदी नाही, क्रूस नाही, पाद्री तर नाहीच. जिन्यापाशी कुत्र्यांसाठी छोटा कोंडवाडा आहे. मेंढपाळ कुत्र्यांसकट यायचे, त्यांची ही सोय!

लोक येऊन बाकांवर बसतात आणि गप्प होतात. प्रत्येकात देवाचा अंश आहे, मग मध्यस्थ कशाला, हा सगळा हिशेब. आम्ही गेलो त्या दिवशी बराच वेळ कोणीच बोललं नाही. मग एक बाई उठल्या, आजारी शेजाऱ्याबद्दल चार वाक्यं बोलल्या, बसल्या. त्यावर उत्तर नाही, चर्चा नाही. तासाभराने दोघांनी हस्तांदोलन केलं, मग सगळ्यांनी; उपासना संपली आणि चहा आला.

चहावर त्यांच्या कामकाजाच्या सभांबद्दल विचारलं. मतदान घेत नाहीत. सभेचा कल ओळखून क्लार्क, म्हणजे सभा चालवणारा सदस्य, तिथल्या तिथे ठराव लिहून वाचून दाखवतो. सगळ्यांना पटला तर ठीक, नाहीतर विषय पुढच्या सभेला. आमच्या सोसायटीत असं केलं तर पाण्याच्या टाकीचा ठराव नातवंडांच्या काळात मंजूर होईल.

जाणार असाल तर दहा मिनिटं आधी पोचा. बाहेरच्यांना मज्जाव नाही, कपड्यांचे नियम नाहीत. फोन मात्र पूर्ण बंद, आणि भाषण तयार करून नेऊ नका. सेडबर्गला रेल्वे नाही; ऑक्सनहोम किंवा केंडलला उतरावं लागतं. रविवारी बसच्या भरवशावर राहू नका, टॅक्सी आदल्या दिवशीच ठरवा. केंडलला मुक्काम केलात तर तिथली भरतकामाच्या ७७ पटांची क्वेकर टॅपेस्ट्री पाहून होते.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर अल्व्हरस्टनचं स्वार्थमूर हॉल गाठा. तिथे रेल्वे जाते. हे मार्गारेट फेलचं घर. न्यायाधीशाची ही बायको पंथाची आधारस्तंभ झाली, १६६० मध्ये तिने युद्धाला नकार देणारं निवेदन राजापर्यंत पोचवलं, पुढे तुरुंगही भोगला. नवरा वारल्यावर ११ वर्षांनी, १६६९ मध्ये, तिने फॉक्सशी लग्न केलं. फॉक्सचीच गोष्ट सगळे सांगतात, पण पंथ टिकला तो मला तरी या बाईमुळे वाटतो. हॉलमध्ये राहायचीही सोय आहे. उघडण्याचे दिवस बघून मगच तिकिटं काढा.