आबांची जनता

आबांची एचएमटी जनता, म्हणजे त्यांचं चावीचं मनगटी घड्याळ, आज पुन्हा चालू झाली. चावी दिली की दोन मिनिटं चालायची आणि थांबायची. मला वाटलं स्प्रिंग गेली. घड्याळवाल्या काकांनी मागचं झाकण काढलं, डोळ्याला भिंग लावलं. "काही मोडलेलं नाही बाळा. तेल सुकलंय."

मग दीड तास मी स्टुलावरून हललो नाही. काकांनी सगळं सुटं करून पेट्रोलमध्ये धुतलं, ब्रशने घासलं. १७ ज्वेलची, म्हणजे घर्षण कमी करणाऱ्या १७ बारीक खड्यांची मशीन, आणि तेल किती? सुईच्या टोकावर मावेल एवढंच. जास्त झालं तर पसरतं म्हणे. शेवटी चिमट्याने बॅलन्स व्हील, म्हणजे घड्याळाचा ठेका धरणारं चाक, बसवलं आणि ते आपसूक झुलायला लागलं! सेकंदाला ५ ठोके, तासाला १८,०००. माझ्या अंगावर काटा आला.

१९६१ मध्ये बंगळूरला जपानच्या सिटिझनच्या मदतीने एचएमटीने घड्याळं बनवायला घेतली, त्याच घराण्यातलं हे.

"डायल रंगवून देऊ?" मी नको म्हटलं. देवनागरीतलं 'जनता' जरा पिवळं पडलंय, सातच्या आकड्याजवळ घामाचा डाग आहे. तो आबांचा आहे, तो राहू दे.

आबा आंघोळ झाली की देवापुढे उभं राहून चावी द्यायचे. उद्या सकाळी मी देणार.