फ्रेंच सराव नोंद: इच्छा आणि आशा

बी-1च्या (मध्यम पातळी) सरावातला सबजंक्टिव्हचा (इच्छा-शंका दाखवणारं क्रियापदाचं रूप) पहिला टप्पा मार्गी लागला आहे. 'सी सलमाँ' ('...असतं तर!') अजून कच्चं आहे.

एस्पेरे (आशा असणे) नंतर 'क' (मराठी 'की') आला की साधं रूप, बहुधा भविष्यकाळ: झॅस्पॅर क त्यु व्हियँद्रा. सुएते (इच्छिणे) किंवा व्हुलुआर (हवं असणे) नंतर सबजंक्टिव्ह: झ सुएत क त्यु व्हियेन. हा नियम घोकायची गरज नाही, मराठीत तो तयारच आहे: 'तू येशील अशी आशा आहे', पण 'तू यावंस अशी इच्छा आहे'. 'येशील' तिथे भविष्यकाळ, 'यावंस' तिथे सबजंक्टिव्ह. बोलताना पहिल्यात अनुनासिक स्वर, दुसऱ्यात 'न' स्पष्ट. तो गिळला की सबजंक्टिव्ह ऐकूच येत नाही.

कर्ता एकच असेल तर 'क' नकोच. 'झ सुएत पार्तीर' (मला निघायचंय) एवढंच पुरतं. 'झॅस्पॅर रेउसीर'मध्ये (मी यशस्वी होईन अशी आशा) 'द' हा जोडशब्द नाही, पण दुसऱ्याचं भलं चिंतताना तो येतो: झ त सुएत द रेउसीर.

सबजंक्टिव्हची रूपं बनवताना 'इल' (ते, अनेकवचन) च्या वर्तमानरूपातलं शेवटचं 'ईएनटी' काढायचं. नू (आम्ही) आणि व्हू (तुम्ही) यांची रूपं मात्र इम्पारफेसारखी (अपूर्ण भूतकाळ). स्वा, ए, आय, फास, प्युईस, साश ही वेगळी पाठ करावीच लागतात. सराव 'पार्ले'वर (बोलणे) करू नका. त्याचं एकवचनी सबजंक्टिव्ह आणि वर्तमानकाळ हुबेहूब सारखे, त्यामुळे चूक झाली तरी कळत नाही. व्हनीर (येणे), फॅर (करणे), 'आले' (जाणे) घ्या.

'पाऊस न पडो म्हणजे झालं' यासाठी पुरव्ह्यू क: पुरव्ह्यू किल न प्लव्ह पा. पुन्हा सबजंक्टिव्ह. हेच शब्द वाक्याच्या मध्ये आले तर सहसा अट होते, आशा नव्हे.

खरी अडचण सी सलमाँची. 'वेळ असता तर!' म्हणजे सी सलमाँ झाव्हे ल ताँ, इम्पारफेमध्ये. आपल्याकडे 'वेळ असता तर आलो असतो' म्हणताना दोन्हीकडे 'असत-' येतं, म्हणून हात आपोआप कंडिशनलच्या (संकेतार्थी रूप) 'झोरे'कडे जातो. 'सी'च्या मागोमाग ते चालत नाही. कंडिशनल फक्त दुसऱ्या भागात. हुकलेल्या गोष्टीसाठी प्ल्यु-क-पारफे (पूर्ण भूतकाळ): सी सलमाँ झाव्हे स्यू, म्हणजे 'ठाऊक असतं तर!'

पुढच्या सरावात प्रत्येक वाक्य दोनदा लिहायचं, आधी एस्पेरेने, मग सुएतेने, आणि मोठ्याने वाचायचं.