डिपस्टिकवरच्या खुणा

गुरुवार, रात्र

तेल बघायला बॉनेट उघडलं आणि डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी मोजायची पट्टी, ओढली, तर तिच्यामागोमाग ती ज्यात बसते ती नळीही हातात आली. म्हणजे वरची वीतभर आली. खालचा तुकडा ब्लॉकमध्येच, म्हणजे इंजिनच्या मुख्य धडातच राहिला. तुटलेल्या कडेवर टॉर्च मारून नीट पाहिलं. अर्ध्याहून जास्त घेर काळपट, तेलाने माखलेला, उरलेला चकचकीत. चीर जुनीच होती, आज फक्त शेवटचा धागा तुटला. गाडी उभी केल्यावर अधूनमधून येणाऱ्या जळक्या वासाचा उलगडा झाला. चिरेतून झिरपणारं तेल थेंबाथेंबाने एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनचा तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या नळकांड्यावर पडत होतं. तापलेल्या मॅनिफोल्डवर तेल ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. ही नळी खाली ब्लॉकमध्ये ठोकून बसवलेली असते आणि वर एका पत्र्याच्या ब्रॅकेटने धरलेली. माझ्या गाडीत त्या ब्रॅकेटचा कान केव्हाच तुटलेला आहे आणि आधीच्या कुणीतरी तिथे तार गुंडाळून वेळ मारून नेली आहे. तारेने नळी जागेवर दिसते, धरली जात नाही. इंजिन चालू असताना तिचं वरचं टोक सतत थरथरतं आणि तो सगळा ताण खाली, ब्लॉकपाशी जिथे नळीला फुगीर कडं असतं, तिथे येतो. शेजारी मॅनिफोल्डची धग. इतकी वर्षं टिकली हेच नवल.

खरी काळजी वेगळीच आहे. डिपस्टिकचं टोक नाही. खालच्या खुणेपाशी तुटलंय, आणि मोडलेली कड ताजी, लख्ख. ओढताना नळीच्या वाकड्या कडेत अडकून मोडलं असणार. म्हणजे बोटभर पोलादी पट्टी आता चेंबरमध्ये, इंजिनच्या तळाच्या तेलाच्या टाकीत आहे. क्रँकशाफ्ट, इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा, तिच्या वरून फिरतो आणि तेल ओढणाऱ्या पंपाच्या तोंडाला जाळी असते, तेव्हा ती तळाशी पडून राहिली तर बहुधा काही करणार नाही. पण ‘बहुधा’वर इंजिन चालू करायची माझी तयारी नाही. चावी काढून ठेवली.

शुक्रवार

ऑफिसमुळे हात लावता आला नाही. फक्त ब्लॉकमधल्या थुटक्याच्या भोवती गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं आणि भोकात चिंधीचा बोळा बसवला. बोळ्याला दोरा बांधलाय, नाहीतर उद्या तोही चेंबरमध्ये शोधावा लागायचा.

शनिवार

सकाळी आधी तेल काढलं. ड्रेन बोल्टच्या भोकातून टोक बाहेर येईल अशी आशा होती, पण पट्टी आडवी झाली की भोकातून कशी येणार? मग लवचीक दांड्याचा लोहचुंबक आत घातला. सगळं काम बोटांच्या अंदाजाने. चुंबक आधी चेंबरच्या भिंतीलाच चिकटतो, कारण चेंबरही पत्र्याचंच. भिंतीला चिकटला की ओढ जड आणि सपाट लागते. सुटा तुकडा लागला की बारीकसा ‘टक’ जाणवतो. तो टक आला. पट्टी भोकाच्या तोंडाशी आडवी अडली, ती लांब चिमट्याने उभी केली आणि बाहेर काढली. टोक डिपस्टिकला जुळवून पाहिलं, कडेला कड बसली. आत काही उरलेलं नाही. हे जमलं नसतं तर चेंबर उतरवावं लागलं असतं आणि माझ्या गाडीत त्यासाठी इंजिनचे माउंट सोडवून इंजिन उचलावं लागतं. नाकापेक्षा मोती जड.

जुळवताना एक लक्षात आलं. पट्टी बरोब्बर खालच्या खुणेच्या खाचेवर मोडली आहे. खूण म्हणून आडवी खाच ठोकतात आणि तीच पट्टीची सगळ्यात कमकुवत जागा होते. हे पुढे कामाला येणार होतं.

मग थुटकं. ब्लॉकच्या वर जेमतेम नखभर दिसत होतं. जुन्या गाड्यांवर हयात घालवलेल्या काकांना फोन केला.

“काका, व्हाइस ग्रिप, ती घट्ट धरून राहणारी पक्कड, लावून पिळू का?”

“अगं, नुसती ग्रिप लावलीस की नळी चेपणार. चेपली की बसली. आत आधी काहीतरी भर.”

“काय भरू?”

“ड्रिल बिटची मागची गुळगुळीत बाजू. आत घट्ट जाईल असा बिट बघ. मग खुशाल दाब.”

इतकी साधी गोष्ट, पण सगळं काम तिच्यावरच झालं. बिट आत असल्यामुळे नळीची भिंत चेपत नाही आणि सुटणारा गंजही खाली पडत नाही, कारण भोक बंद. ग्रिप लावली, ओढायच्या भानगडीत न पडता आधी थोडं उजवीकडे, थोडं डावीकडे पिळलं. बराच वेळ काहीच नाही. मग गंजाची एक बारीक कुरकुर आणि थुटकं भोवऱ्यासारखं फिरू लागलं. फिरलं की निघतंच.

थुटकं ब्लॉकच्या आतच तुटलेलं असतं तर पुढचा उपाय टॅपचा, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराचा. नळीच्या आतून आटे पाडायचे आणि त्या आट्यांत बोल्ट बसवून तो वर ओढायचा. टॅपच्या खाचा ग्रीसने भरून ठेवायच्या म्हणजे कीस ग्रीसला चिकटतो. ड्रिल करून थुटकं पोखरणं मला शेवटचा मार्ग वाटतो. बिट जरा कलला की ब्लॉकचं भोकच वाकडं होतं, आणि नळी नवी मिळते, ब्लॉक नाही.

शनिवार, उशिरा

नवी नळी मागवताना जी कसरत झाली ती लिहून ठेवते. गाडीचं मॉडेल आणि साल सांगून भागत नाही. जुन्या गाडीत कोणतं इंजिन आहे हे बॉनेटखाली बघूनच कळतं, कारण मधल्या काळात कुणी काय बसवलं असेल याचा नेम नाही. उदाहरणार्थ, शेव्हरोलेचं ‘स्मॉल ब्लॉक’ नावाचं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन घ्या. हे इंजिन १९५५ साली आलं. १९७९ पर्यंतच्या ब्लॉकला डिपस्टिक डाव्या बाजूला आणि १९८० पासून उजव्या बाजूला. म्हणजे गाडी १९७२ ची आणि तिच्यात १९८५ चा ब्लॉक असेल, तर गाडीचं साल बघून मागवलेली नळी बसवायला भोकच नसणार. ब्लॉक ओततानाच त्यावर उमटवलेला नंबर बघून मागवणं हाच खात्रीचा रस्ता. शिवाय जुन्या थुटक्याचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजून घ्यावा. माझा साडेनऊ मिलिमीटर आला.

क्रोमची झगझगीत नळीही मिळते. फोटोत देखणी दिसते, पण मी साधी काळी घेतली. धगीपाशी क्रोम निळं-पिवळं पडतं, आणि चकचकीत पट्टीवर ताजं तेल दिसतच नाही. नव्या डिपस्टिकचं खालचं टोक मी मुद्दाम बारीक पॉलिश पेपरने घासून मंद केलं. आता सोनेरी, कोरं तेलही तिच्यावर स्पष्ट उठतं.

रविवार

बसवणं अर्ध्या तासाचं काम, तयारी दोन तासांची. ब्लॉकचं भोक तारेच्या ब्रशने साफ केलं, थुटकं निघाल्यावर आत पुन्हा बसवलेली चिंधी दोऱ्याने ओढून बाहेर काढली, तिच्यावर पडलेला गंज तिच्याबरोबरच आला. नळी आधी नुसती हाताने टेकवून ब्रॅकेटचं भोक बोल्टच्या भोकासमोर येतंय का ते पाहिलं. हे आधी बघायचं, कारण एकदा ठोकून बसली की फिरवताना पुन्हा तोच जुना ताण तिच्यात भरला जातो. प्लगच्या वायरी आणि मॅनिफोल्ड यांच्यापासून बोटभर अंतर राहतंय याचीही खात्री केली.

मग टोकाला पातळसं सीलंट. फुगीर कड्यावर उघड्या तोंडाचा पाना टेकवला आणि पान्यावर हलक्या हातोडीने, एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. नळीच्या वरच्या तोंडावर ठोकायचं नाही, तोंड पसरलं की डिपस्टिक नीट टेकत नाही. आवाजावर कान ठेवायचा. आधी पोकळ, मग हळूहळू भरीव, आणि कडं ब्लॉकला टेकलं की एकदम बद्द. तिथे थांबायचं.

ब्रॅकेटला नवा बोल्ट आणि स्प्रिंग वॉशर. तार कचऱ्यात.

रविवार, संध्याकाळ

इथे बहुतेक लोक काम संपलं म्हणतात. माझ्या मते खरं काम इथे सुरू होतं. डिपस्टिक हे मोजायचं साधन आहे आणि तिचं माप नळीच्या लांबीवर ठरतं. नळीचं तोंड जिथे संपतं, तिथे डिपस्टिकची मूठ टेकते. ते तोंड जरा वर किंवा खाली असेल तर सगळ्या खुणा तेवढ्याच सरकतात. नवी नळी, नवी पट्टी, दोन्ही एकाच पाकिटातून आलेल्या असल्या तरी माझ्या चेंबरशी त्यांची ओळख नाही. पाकिटातल्या खुणांवर विश्वास का ठेवायचा?

चुकीची खूण दोन्हीकडून मारते. तेल कमी असेल तर वळणावर ते एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो, प्रेशरचा काटा पडतो. जास्त असेल तर क्रँकशाफ्ट त्यात बुडून घुसळतो, तेलाला फेस येतो आणि फेसाने बेअरिंग वाचत नाही.

म्हणून खुणा तेलालाच विचारायच्या. गाडीच्या दारांखालच्या पट्टीवर स्पिरिट लेव्हल ठेवून ती समपातळीत उभी केली. नवा फिल्टर लावला. माझ्या इंजिनची क्षमता फिल्टर धरून साडेचार लिटर, आणि वरच्या-खालच्या खुणांमध्ये एक लिटरचं अंतर. मापाच्या भांड्याने आधी साडेतीन लिटर ओतलं. इंजिन थोडं चालवलं, म्हणजे फिल्टर भरतो. बंद करून तेल खाली उतरेपर्यंत थांबले. डिपस्टिक पुसली, घातली, काढली. तेल जिथे होतं ती खालची खूण. मग उरलेलं एक लिटर ओतलं आणि तसंच पुन्हा केलं. ती वरची.

पाकिटातली वरची खूण माझ्या खुणेपेक्षा जवळजवळ करंगळीच्या पेराएवढी वर निघाली. तिच्यावर विसंबून तेल भरलं असतं तर क्रँकशाफ्टला आंघोळच.

खुणा कशा करायच्या हा प्रश्न मोडलेल्या पट्टीने आधीच सोडवला होता. आडवी खाच नाही. दोन्ही जागी पट्टीच्या सपाट बाजूवर खोदणाऱ्या पेनने उथळ ठिपके केले आणि कारखान्याची खूण कानशीने हलकेच घासून टाकली, नाहीतर पुढे गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात गेली तर घोटाळा.

तेल गरम झालं की फुगतं, तेही ध्यानात ठेवायला हवं. थंड आणि पूर्ण गरम यांत सत्तर अंशांचा फरक धरला तर साडेचार लिटर तेल जवळपास पाव लिटर जास्त भासतं. माझ्या खुणा कोमट इंजिनवरच्या आहेत, तेव्हा बघायचं तेही तसंच. आणि पट्टीच्या दोन बाजूंवर दोन वेगळ्या रेषा दिसल्या तर खालची खरी. वरची नळीच्या भिंतीला पुसून आलेली असते.

मंगळवार

गाडी चांगली तापेपर्यंत फिरवून आणली. मॅनिफोल्ड कोरडा, वास नाही. नळी आणि ब्लॉक यांच्या सांध्याभोवती कागदी रुमाल फिरवला, तोही कोरडा. ब्रॅकेटचा बोल्ट मात्र गाडी थंड झाल्यावर पाव फेरा ढिला निघाला, तो कसला. मुठीखालचं रबर जरा सैल वाटतंय. इंजिन न गाळलेली हवा तिथून ओढू शकतं, म्हणून एक जाड रिंग मागवली आहे.