सांवेरचा मटार, थेट घरी

आज सांवेरकडच्या एका शेतकरी कुटुंबाकडून थेट भाजी मागवली. रात्री व्हॉट्सॲपवर यादी टाकायची, पहाटे तोडणी, दुपारच्या आत माल इंदूरला घरी. मटाराची शेंग दाबली की कटकन फुटत होती, देठाकडची टोपी अजून हिरवीगार. तोडल्यावर मटारातल्या साखरेचं स्टार्चमध्ये रूपांतर होत जातं, त्यामुळे एका दिवसाचाही फरक जिभेला कळतो. सासूबाईंनी सोलता सोलताच वाटीभर संपवले!

गराडू (माळव्यातला कंद) तर तिथल्या काळ्या मातीसकट आले. (सोलण्याआधी हाताला तेल चोळा, नाहीतर खाज सुटते.) तळून, वर मसाला नि लिंबू. इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, खातोच, पण घरच्या गरम घाण्याची मजा वेगळी.

रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांनुसार आपण मोजलेल्या रुपयातले शेतकऱ्याच्या हाती टोमॅटोत सुमारे ३३ पैसे पडतात, कांद्यात ३६, बटाट्यात ३७. हे वाचल्यापासून मला घासाघीस करवत नाही. भाव मंडीपेक्षा फार कमी नाहीत, नसू देत.

सकाळी शेतकरी भैयांचा निरोप आला, "दीदी, पालक पर पाला पड़ गया, मेथी भेज दूँ?" (पाला म्हणजे थंडीतलं गोठलेलं दव.) पाठवा म्हटलं. शेतात जे असेल तेच ताटात, मला हे मनापासून पटतं.

एकट्या घरासाठी फेरी त्यांना परवडत नाही. आमच्या कॉलनीतलं कोणी सोबत मागवणार असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा, यादी एकत्रच पाठवते.